पुसलं की तिसऱ्या दिवशी परत: रीफ टँकमधला तपकिरी चिकट थर

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक. सकाळी लाइट लागायच्या आधी त्यातली वाळू पांढरी असते. दहाला लाइट लागतात, दुपारी दोनपर्यंत वाळूवर गंजासारखा रंग चढतो आणि चारच्या सुमारास दगडांच्या टोकांवरून शेंबडासारखे तंतू लोंबायला लागतात, प्रत्येक तंतूच्या टोकाला हवेचा एक बुडबुडा. रात्री लाइट गेले की निम्मं गायब. नळीने ओढून काढा, दगड घासा, पाणी बदला. दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी तेच, आधीपेक्षा दाट.

तुमच्याकडे असं होत असेल तर आधी ब्रश बाजूला ठेवा. मी चार महिने घासत होते. त्या चार महिन्यांत वीसपैकी चौदा शंख मेले, आणि त्यांतले बरेच माझ्या साफसफाईमुळे मेले असं मला आज वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

टँक नाशिकला, घरातच आहे. काच ६ × २ × २ फूट, खाली सम्प, म्हणजे पाणी गाळायची जोडटाकी. दगड आणि वाळूची जागा वजा करून एकूण पाणी साधारण ६०० लिटर. पुढचे सगळे डोस या ६०० लिटरवर काढलेले आहेत, तुमचं पाणी कमी-जास्त असेल त्या प्रमाणात बदला. (एवढ्या मापाच्या टँकचं वजन काच, पाणी, दगड आणि स्टँड धरून टनाच्या घरात जातं. आम्ही इंजिनियरला दाखवून बीमच्या बाजूला, भिंतीला समांतर ठेवला. हे आधी करा, टँक भरल्यावर हलवता येत नाही.)

मोठ्या टँकचं पाणी स्थिर राहतं, छोट्यासारखं तासाभरात बिघडत नाही, म्हणून मी मोठा घेतला. तो निर्णय बरोबर होता. चुकलं ते पुढचं. दगड सगळा ड्राय रॉक, पंचावन्न किलो, पांढरा आणि कोरडा, त्यावर जिवंत काही नाही. स्किमर, म्हणजे फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, पंधराशे लिटरच्या टँकचा, कारण ‘मोठा घेतलेला बरा’. फॉस्फेट ओढून घेणाऱ्या लोहयुक्त दाण्यांचा, म्हणजे जीएफओचा, रिॲक्टर पहिल्या दिवसापासून चालू. आणि एवढ्या पाण्यात मासे चार: दोन क्लाउनफिश, एक गोबी, एक फॉक्सफेस. त्यांनाही चिमूटभर खाणं, दिवसाआड. गोड्या पाण्याचे टँक ठेवताना अंगात मुरलेली सवय होती, की पाणी घाण होऊ द्यायचं नाही. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य आलं की मी वहीत खूण करून खूश व्हायचे.

कोरल सगळी सॉफ्ट आहेत: लेदर, झोअँथिड, मशरूम, झेनिया. सगळ्या हार्ड (दगडासारखा सांगाडा असलेल्या) कोरलना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, त्यामुळे ‘किनाऱ्यावरून आणलंय, स्वस्तात देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. किनाऱ्यावरून उचललेल्या लाइव्ह रॉकलाही (जिवंत जीवांनी भरलेल्या समुद्री दगडालाही) हेच लागू, कारण त्यावर हार्ड कोरल असू शकतात. सॉफ्ट कोरलचा मोठा टँक सुंदर दिसतो, आणि या दुखण्यातून तो तगूनही जातो.

टँक भरल्यावर पाचव्या महिन्यात तपकिरी थर आला. मी आधी त्याला डायटम, म्हणजे एका पेशीचं तपकिरी शेवाळ, समजले. नव्या टँकला पहिल्या काही आठवड्यांत डायटम येतातच, पाण्यातलं सिलिकेट खाऊन संपवतात आणि जातात. म्हणून आरओची मेम्ब्रेन बदलली, उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन बदललं, टीडीएस मीटरवर शून्य पाहिलं. फरक पडला नाही. मग कुणी सायनो, म्हणजे थरासारखा पसरणारा सायनोबॅक्टेरिया, म्हणालं. सायनोचं औषध टाकलं. दगडांवर जो थोडा लालसर सायनो होता तो गेला आणि रिकामी झालेली जागा दोन दिवसांत तपकिरी थराने घेतली. मग तीन दिवस टँकला काळं कापड गुंडाळून ब्लॅकआउट. चौथ्या दिवशी कापड काढलं तेव्हा आरशासारखं स्वच्छ. नवव्या दिवशी परत.

मधल्या काळात पाणी बदलायचं प्रमाण वाढवत नेलं होतं. दर आठवड्याला शंभर लिटर. आणि नेमकं पाणी बदललं की दोन दिवसांनी थर जास्त फोफावायचा. मी ते पाहत होते, वहीत लिहीतही होते, पण त्याचा अर्थ लावत नव्हते.

अर्थ लावला माझ्या दिराने. त्यांची पिंपळगावला द्राक्षबाग आहे. दिवाळीत घरी आले, टँकसमोर बसले आणि माझी वही चाळून म्हणाले, “वहिनी, नत्र शून्य, स्फुरद शून्य. मग यात जगायचं कुणी? आम्ही देठ परीक्षण करतो, त्यात असा आकडा आला तर झोप उडते आमची.” मी म्हटलं, इथे शून्यच चांगलं मानतात. ते म्हणाले, “रान उपाशी ठेवलं तर पीक आधी मरतं. तण नाही मरत.”

त्या रात्री मी पहिल्यांदा नीट विचार केला, की माझ्या टँकमध्ये तण कुठलं आणि पीक कुठलं.

तो थर डायनोफ्लॅजेलेटचा असतो. आपण त्याला डायनो म्हणतो. एका पेशीचे हे जीव समुद्रात सगळीकडे आहेत. कोकण किनाऱ्यावर थंडीत काही रात्री लाटा निळ्या चमकतात, तो चमकणारा नॉक्टिल्युका यांच्यातलाच. कोरलच्या अंगात राहून त्याला साखर बनवून देणारे झूझँथेलीही याच कुळातले. म्हणजे यांना सरसकट मारणारं काही टाकलं तर कोरलही हातचं जाईल. टँकमध्ये उपद्रव देणारे प्रकार थोडे आहेत आणि ते उपासमारीत तगतात. काही जण उजेडावर जगतात, शिवाय बॅक्टेरिया आणि इतर पेशीही खातात. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेलं की त्यांच्याशी जागेसाठी भांडणारी हिरवी शेवाळं, डायटम आणि बॅक्टेरियाचा थर आधी खंगतो. नवा ड्राय रॉक असेल तर त्यावर भांडायला मुळातच कुणी नसतं. वर आपण घासून, ओढून, औषध टाकून जे थोडे असतील तेही काढतो. आणि नवं मिठाचं पाणी त्यांना सूक्ष्म धातू पुरवतं. माझी चार महिन्यांची मेहनत त्यांच्या पथ्यावर पडत होती.

डायनोच आहेत ना, याची खात्री

घरी करता येणारी साधी परीक्षा आहे. थर थोडा टँकच्या पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवून पूर्ण फोडा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी पारदर्शक ग्लासात उजेडाखाली तासभर ठेवा. डायनो असतील तर त्या पाण्यात पुन्हा एकत्र येऊन तंतू आणि गोळे होतात. डायटम आणि सायनो असं परत जुळत नाहीत. रात्री कमी होणं आणि टोकाला बुडबुडे येणं ही लक्षणंही डायनोची आहेत, पण सायनोतही बुडबुडे दिसतात, म्हणून एवढ्यावर थांबू नका. सायनो बोटाने सोलला तर चादरीसारखा सलग निघतो; डायनो बोटातून निसटतो.

यानंतर मायक्रोस्कोप लागतोच. इथे कंटाळा करू नका, कारण उपाय प्रकारावर ठरतो. माझी भाची बीएस्सीला आहे, तिच्याकडचा चारशे पट मोठं दाखवणारा मायक्रोस्कोप पुरला. वाळूवरचा एक थेंब आणि दगडावरचा एक थेंब, दोन वेगळ्या काचपट्ट्या.

लिंबाच्या बीसारखी, एका टोकाला निमुळती पेशी त्या टोकाशी जणू दोरीने बांधल्यासारखी गोल गोल फिरत असेल तर ऑस्ट्रिऑप्सिस. हे विषारी असतात. शंख पटापट मरत असतील तर बहुतेक हेच. माझ्याकडे हेच होते. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर यांची लाट आली होती, तेव्हा समुद्राच्या तुषारांतून त्रास होऊन सुमारे दोनशे लोकांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली. म्हणून दगड घासताना हातमोजे आणि चष्मा घाला, खिडक्या उघड्या ठेवा, नळी तोंडाने कधीही ओढू नका. आणि टँकमधला दगड उकळत्या पाण्यात टाकू नका. झोअँथिड चिकटलेले दगड उकळून वाफेने माणसं आजारी पडल्याची उदाहरणं आहेत.

चपटी, अंडाकृती पेशी, वरच्या टोकाला छोटी जिभेसारखी टोपी आणि चाल सरळ, घसरत गेल्यासारखी, असं दिसलं तर अँफिडिनियम. हे मुख्यतः वाळूत राहतात. पेशीच्या मध्यावर ठिपका दिसला आणि ती आरामात पुढे सरकत असली तर प्रोरोसेंट्रम.

मी काय केलं

पहिल्या दिवशी जीएफओ बंद. स्किमर रोज फक्त आठ तास. पाणी बदलणं पूर्ण थांबवलं. सायनोच्या औषधाला हात लावला नाही. ॲक्टिव्हेटेड कार्बन मात्र वाढवला, पिशवीत भरून जोरात पाणी वाहतं तिथे ठेवला आणि दर चार दिवसांनी बदलला, कारण मरणाऱ्या ऑस्ट्रिऑप्सिसचं विष पाण्यात उतरतं.

मग खत. दिराकडे १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, दोन्हीच्या पिशव्या होत्याच. द्राक्षवाल्यांच्या घरात मिठासारख्या असतात त्या. रसायन तेच आहे, पण शेतीच्या दर्जात सोबत आणखी काय येतं याची खात्री नव्हती, म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळांना माल देणाऱ्या दुकानातून शुद्ध दर्जाचं आणलं. हिशेब असा:

पोटॅशियम नायट्रेट ९८ ग्रॅम, आरओ-डीआय पाण्यात विरघळवून एक लिटर. यातले ५० मिली टाकले की ६०० लिटरमध्ये नायट्रेट ५ पीपीएमने (लिटरमागे ५ मिलिग्रॅमने) वाढतं. त्याबरोबर जाणारं पोटॅशियम सुमारे ३ पीपीएम. समुद्राच्या पाण्यात ते चारशेच्या आसपास असतंच, त्यामुळे काळजी नाही.

मोनो पोटॅशियम फॉस्फेट ४.३ ग्रॅम, एक लिटर. यातले १० मिली म्हणजे ६०० लिटरमध्ये फॉस्फेट ०.०५ पीपीएमने वर.

वजनाला सोनाराचा छोटा काटा वापरा, स्वयंपाकघरातला चालणार नाही. बाटल्यांवर नावं लिहा. पोटॅशियम नायट्रेट आगीपासून आणि लहान मुलांपासून लांब.

लक्ष्य ठरवलं: नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१. नायट्रेट दुसऱ्या दिवशीच ५ वर आलं आणि टिकलं. फॉस्फेटने मात्र माझा अंत पाहिला. संध्याकाळी १० मिली टाकावं, तासाने ०.०५ दिसावं आणि सकाळी परत शून्य. पहिले तीन दिवस मला वाटलं मीटर बिघडला. मीटर ठीक होता. कोरडा कॅल्शियमचा दगड फॉस्फेट शोषून घेतो, पंचावन्न किलो दगडाचं पोट भरेपर्यंत पाण्यात काही उरत नाही. सलग सतरा दिवस रोज टाकलं, तेव्हा कुठे सकाळचा आकडा ०.०४ आला. बरेच जण याच टप्प्यावर ‘करून पाहिलं, उपयोग झाला नाही’ म्हणून सोडतात. दोन डोसने काही होत नाही. रोज मोजा, रोज टाका.

फॉस्फेट मोजायला रंग डोळ्याने जुळवायचे किट पुरत नाहीत, शून्य आणि ०.०५ यातला निळा फरक दिव्याखाली कळत नाही. हॅनाचा छोटा डिजिटल चेकर घ्या. त्यांचा फॉस्फरस पीपीबीत (पीपीएमच्या हजाराव्या भागात) दाखवणारा मीटर असेल तर आकड्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागा. म्हणजे १० पीपीबी फॉस्फरस हे ०.०३ पीपीएम फॉस्फेट.

पाणी भरल्या पोटी आल्यावरही डायनो आपोआप गेले नाहीत. एकदा पसरलेले डायनो खत मिळालं म्हणून जागा सोडत नाहीत, ते खत त्यांनाही लागू पडतं. म्हणून आता मारा करायचा, आणि इथे प्रकार ओळखल्याचा फायदा. ऑस्ट्रिऑप्सिस अंधार पडला की दगड सोडून पाण्यात तरंगतात. तिथे यूव्ही, म्हणजे पाणी अतिनील दिव्याजवळून नेणारं यंत्र, त्यांना गाठतो. हौशी लोकांचा अंदाज दर दहा-बारा लिटरला एक वॅट असा आहे, म्हणून मी ५५ वॅटचा लावला. दोन गोष्टी सांभाळा. त्याचा पंप सम्पमध्ये न ठेवता थेट मुख्य टँकमध्ये ठेवा, पाणी तिथूनच घ्या आणि तिथेच सोडा. आणि वेग कमी ठेवा, टँकचं पाणी तासात एक ते तीन वेळा फिरेल एवढाच. माझा ताशी बाराशे लिटर होता. यूव्ही चालू झाल्यावर तीन दिवसांचा ब्लॅकआउट केला. आधीचा ब्लॅकआउट फसला होता, कारण तेव्हा अंधारात तरंगणाऱ्या पेशींना मारायला पाण्यात काहीच नव्हतं, उजेड आल्यावर त्या परत खाली बसल्या. यूव्हीने पाणी तापतं, एखाद-दीड अंश धरा. उन्हाळ्यात चिलर नसेल तर हा उपाय जपून.

पाचव्या दिवशी वाळू दुपारीही पांढरी होती. अकराव्या दिवशी काचपट्टीवर शोधून शोधून दोन पेशी सापडल्या.

तिसरं काम रिकाम्या जागा भरायचं. ठाण्याच्या एका मैत्रिणीचा आठ वर्षं जुना टँक आहे. तिने दोन डबे वाळू आणि सम्पमधल्या सिरॅमिक रिंग दिल्या. झाकण थोडं उघडं ठेवून, बॅटरीवरचा हवेचा पंप लावून कसारा घाटाने त्याच दुपारी घरी आणल्या. त्या वाळूत बारीक कोपेपॉड, किडे, बॅक्टेरिया, सगळा गावगाडा होता. ड्राय रॉकला बाटलीतले बॅक्टेरिया महिनोन्महिने टाकूनही जे आलं नव्हतं ते त्या दोन डब्यांनी आणलं. सोबत आयप्टेशिया (झपाट्याने पसरणारा उपद्रवी ॲनिमोन) येत नाही ना, एवढं मात्र आधी पाहून घ्या. दोनेक आठवड्यांत काचेवर हिरवी शेवाळाची पातळ साय आली. आधीच्या मीने ती खरवडली असती. आता मी समोरची काच तेवढी पुसते आणि बाकी तीन फॉक्सफेसला सोडते.

वाळूतले असतील तर

ठाण्याच्या त्याच मैत्रिणीला तिच्या दुसऱ्या, नव्या टँकमध्ये अँफिडिनियम झाले होते. तिने माझं पाहून यूव्ही लावला आणि पैसे वाया गेले, कारण हे पाण्यात तरंगतच नाहीत, रात्री वाळूत खाली उतरतात. तिथे उपाय वेगळा. नायट्रेट-फॉस्फेट वर आणायचं ते तसंच, पण सोबत सोडियम सिलिकेटचं द्रावण टाकून सिलिकेट एक ते दोन पीपीएमवर ठेवायचं, म्हणजे डायटम येतात आणि वाळूची जागा बळकावतात. ज्या डायटमला आपण पहिल्या महिन्यात शिव्या देतो, त्यांनाच निमंत्रण. सिलिकेटचा किट असल्याशिवाय हे करू नका. दुपारी थर वर आलेला असताना वाळूचा वरचा पापुद्रा नळीने ओढायचा, पाणी दहा मायक्रॉनच्या पिशवीतून गाळून टँकमध्ये परत सोडायचं. असं केलं की घाण जाते आणि पाणी बदलावं लागत नाही. तिला अडीच महिने लागले. रंग आधी सोनेरी तपकिरी झाला, म्हणजे डायटमचा, आणि मग हळूहळू उतरला.

नायट्रेट आधीपासून दहा आणि फॉस्फेट ०.१ असूनही डायनो असतील तर खत टाकू नका, तुमची अडचण माझ्यासारखी नाही. जोर यूव्ही किंवा सिलिकेट आणि जुन्या टँकच्या वाळूवर ठेवा. आणि आकडा शून्य दिसतोय पण दगडांवर केसांसारखं हिरवं शेवाळ भरपूर आहे, तर ते शून्यही फसवं आहे: खाणं येतंय, शेवाळ लगेच उचलतंय.

थर गेल्यावर मासे वाढवले. सहाशे लिटरला चार मासे फारच कमी होते. दर तीन-चार आठवड्यांनी थोडे, प्रत्येक खेप आधी वेगळ्या टाकीत क्वारंटाइन करून: पाच क्रोमिस, एक रास, वाळू चाळणारा एक गोबी. दिवसातून दोनदा खाणं. माशांच्या खाण्यातून येणारं नायट्रेट-फॉस्फेट पुरायला लागलं तसे बाटलीतले डोस कमी होत गेले आणि तिसऱ्या महिन्यात बंद झाले. शंख मात्र मी थर गेल्यावर सहा आठवडे आणले नाहीत. आधी दोनच सोडले, ते काचेवर चढले, चरायला लागले, मग बाकीचे.

मे महिन्यात आम्ही नऊ दिवस सोलापूरला होतो. खाणं टाकणारं मशीन दुसऱ्याच दिवशी दमट हवेने अडकलं, शेजारच्या काकूंना लाइट चालू दिसले म्हणून त्यांना काही वावगं वाटलं नाही. परत आलो तर वेव्हमेकरच्या (टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) जाळीवर तीन-चार तपकिरी तंतू, टोकाला बुडबुडे. फॉस्फेट ०.०१. हात ब्रशकडे गेला होता. एक थेंब काचपट्टीवर घेतला, त्याच लिंबाच्या बिया गोल फिरत होत्या. माशांना पोटभर खायला घातलं, कपाटातली बाटली काढून रोज १० मिली फॉस्फेट टाकलं, यूव्ही जिथे होता तिथेच होता. जाळी पुसली नाही. पाचव्या दिवशी दुपारी दोनला पाहिलं तेव्हा तंतू नव्हते.